पूर्व दरवाजातली 52 माणसं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाचा परगणा आहे आणि त्यात डॉरचेस्टर नावाचं गाव. तिथल्या संग्रहालयात माणसाच्या पाठीचा कणा ठेवलाय. त्याच्या एका मणक्यात लोखंडाचं टोक घुसून बसलंय. दोन हजार वर्षं झाली, ते तिथून हललेलं नाही. त्याचा फोटो कितीतरी पुस्तकांत छापला गेला आणि फोटोखालची ओळ साधारण ठरलेली असायची: रोमन सैन्याने यंत्रातून सोडलेला बाण, इ. स. 43.

त्या ओळीतला 'बाण' आता वादात आहे, 'रोमन' त्याहून जास्त वादात आहे आणि '43' चा भरवसा जवळजवळ संपलाय. मणका मात्र खरा आहे, टोकही खरं आहे. रोमनपूर्व आणि रोमन काळाचं पुरातत्त्व म्हणजे नेमकं काय करतात, ते पोरांना शिकवतात कसं आणि इतक्या वर्षांनी त्यात नवीन काय सापडतं, असं कुणी विचारलं की मी या मणक्यापासून सुरुवात करतो.

मणका सापडला मेडन कॅसलवर. नावात कॅसल असलं तरी दगडी बुरूज, वाडे असलं काही तिथे नाही. डॉरचेस्टरपासून अडीच-तीन किलोमीटरवर एक लांबट टेकडी, तिच्याभोवती मातीचे प्रचंड तट, एकाबाहेर एक, मध्ये खोल खंदक. आतली जागा 19 हेक्टर, म्हणजे 47 एकर. आज सगळीकडे हिरवळ आणि मेंढ्या. पण ही टेकडी खडूच्या दगडाची आहे, त्यामुळे खंदक ताजा खणलेला असताना हे तट पांढरेफटक दिसत असणार. पूर्वेकडचा दरवाजा तर असा की सरळ आत शिरताच येत नाही. तटांच्या मधून वळसे घेत जावं लागतं. आपल्याकडच्या गोमुखी दरवाजाची वाट चाललेल्या माणसाला यामागचा हिशोब सांगायला लागत नाही.

पहिला तट इ. स. पू. 600 च्या सुमाराचा. मग इ. स. पू. 450 च्या आसपास गड जवळजवळ तिप्पट वाढवला. (त्याच्याही पोटात नवाश्मयुगातलं बांधकाम आहे, पण तिकडे गेलो तर परत येणं कठीण.) इथल्या लोकांना आपण ड्युरोट्रिजेस म्हणतो. हे नाव रोमन काळातल्या नोंदींतून आलेलं. ते स्वतःला काय म्हणवत होते ते त्यांनी लिहून ठेवलं नाही. 'रोमनपूर्व' हा शब्दही तसाच थोडा अन्यायाचा. आपण पुढे येणाऱ्या कुणाच्या तरी 'आधीचे' आहोत, हे कुठल्याच माणसाला जगताना ठाऊक नसतं.

1934 ते 1937 या काळात मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या नवरा-बायकोंनी मेडन कॅसल खणला. दर हंगामाला शंभरेक मदतनीस, त्यात विद्यार्थी पुष्कळ. व्हीलर पहिल्या महायुद्धात तोफखान्यात अधिकारी होते आणि उत्खनन चालवायचेही तसंच, शिस्तीत आणि थोडं थाटात. लोकांनी बघायला यावं, वर्तमानपत्रांत बातम्या याव्यात, चार पोस्टकार्डं विकली जाऊन खर्चाला हातभार लागावा, हे सगळं त्यांनी जाणूनबुजून केलं. कामाची घडी बसवणं आणि पोरांना हाताला धरून शिकवणं यातला मोठा वाटा टेसाबाईंचा होता. 1936 मध्ये त्या वारल्या. पुस्तकांत त्यांचं नाव बऱ्याचदा नवऱ्याच्या मागे कंसात येतं.

पूर्व दरवाजाशी थडगी लागली. 52 माणसं. काहींच्या कवट्यांवर तलवारीचे घाव, एखाद-दुसरा नव्हे, जीव गेल्यावरही मारत राहावं तसे. आणि तो मणका.

व्हीलरांच्या डोक्यात गोष्ट जुळायला वेळ लागला नाही. रोमन लेखक सुएटोनियस लिहून गेलाय की पुढे सम्राट झालेला व्हेस्पेशियन तेव्हाच्या सम्राट क्लॉडियसच्या ब्रिटनस्वारीत तीस लढाया लढला, दोन बलाढ्य जमाती, वीसहून जास्त गावं आणि वाइट बेट त्याने जिंकलं. वाइट बेट डॉर्सेटच्या शेजारीच आहे. स्वारीचं साल 43. दरवाजाशी लोखंडी टोकं, जळकट थर, घाव बसलेली माणसं. म्हणजे व्हेस्पेशियनची 'दुसरी लीजन' ही रोमन सैन्याची मोठी तुकडी या दरवाजावर चालून आली, आधी यंत्रांनी बाणांचा मारा केला, मग कत्तल झाली आणि उरलेल्यांनी रातोरात आपली माणसं पुरली. 1943 साली आलेल्या अहवालात हे वर्णन इतकं जिवंत उतरलंय की वाचताना धूर नाकात जातो. दरवाजाजवळ गोफणीसाठी साठवलेले 20,000 हून जास्त गोटे सापडले होते, चेसिल नावाच्या समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले. गोफणवाले एकीकडे, यंत्रवाले दुसरीकडे. चित्र पूर्ण झालं. पुढची पन्नासेक वर्षं इंग्रजी शाळांतली मुलं तेच शिकली.

इथे जरा थांबून थर वाचायचे म्हणजे काय ते बघू. त्याशिवाय ही गोष्ट उलटली कशी ते कळणार नाही.

आपल्या गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी चर खणतात तेव्हा चराच्या बाजूच्या भिंतीकडे बघा. वर डांबर. त्याखाली जुनं डांबर. मग खडी, मग मुरूम, मग काळी माती. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. एवढं कुणीही सांगेल. आता समजा त्या जुन्या डांबराखालच्या खडीत 2011 सालचं दोन रुपयांचं नाणं सापडलं. रस्ता 2011 चा का? नाही. तो 2011 च्या आधीचा नाही, एवढंच नाणं सांगतं. 2011 चं नाणं 2024 मध्येही खिशातून पडू शकतं. सगळ्या पुरातत्त्वात कुठलं वाक्य पाठ करायचं असेल तर हे, आणि सगळ्यात जास्त चुकाही याच ठिकाणी होतात. नाणं थराला खालून धरतं, वरून नाही.

पुढे गंमत अशी की त्याच भिंतीत मध्येच एक उभा पट्टा दिसतो, वरपासून खालपर्यंत वेगळ्या मातीचा. ती जुनी केबलची चारी. कुणीतरी मधल्या काळात वरून खणून खाली गेलं, केबल टाकली आणि मिळेल ती माती लोटून बुजवलं. त्या पट्ट्यातलं प्लॅस्टिक काळ्या मातीच्या पातळीला सापडलं म्हणून काळ्या मातीच्या काळात प्लॅस्टिक होतं असं म्हणणार का? थर ओळखायचा तो खोलीवरून नव्हे, मातीवरून. उत्खननावर नव्याने आलेल्या पोरांना पहिले काही दिवस हेच शिकवतात: गवंड्याची छोटी थापी हातात घ्यायची, माती हलकेच खरवडायची आणि रंग, ओल, टणकपणा कुठे बदलतो ते शोधायचं. प्रत्येक थराला नंबर. आणि खड्डा असेल तर त्याला दोन नंबर, एक आत भरलेल्या मातीचा आणि एक खुद्द खड्ड्याचा. खड्डा म्हणजे तर नसलेली माती, तिला नंबर कशाला, असं पोरं हमखास विचारतात. कारण खणणं ही एक घटना आणि भरणं ही दुसरी. दोन्हींच्या मध्ये एक दिवस गेला असेल किंवा शंभर वर्षं.

व्हीलरांचा खरा ठेवा इथे आहे. चौकोन आखून खणायचं, दोन चौकोनांमध्ये न खणलेल्या मातीची उभी पट्टी राखायची, म्हणजे चारही बाजूंना थरांची भिंत शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहते. त्या भिंतीचं मोजून मापून चित्र काढायचं आणि कुठली वस्तू कुठल्या थरातली ते तिथल्या तिथे लिहायचं. आज हे ऐकून 'त्यात काय' वाटतं. तेव्हा बऱ्याच ठिकाणी मजूर खणत, साहेब सावलीत बसत आणि संध्याकाळी वस्तू टोपलीत जमा होत.

आपला संबंध येतो तो याच शिस्तीतून. लंडनला पीएच. डी. करायला गेलेले हसमुख सांकलिया मेडन कॅसलवर व्हीलरांच्या हाताखाली शिकले. 1939 मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि ते तिथे रुजू झाले. पुढे जोर्वे, नेवासे आणि बाकीच्या उत्खननांतून महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाची घडी बसली ती त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातून. 1944 मध्ये स्वतः व्हीलरच भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून आले आणि तक्षशिलेला त्यांनी तरुणांची शाळाच भरवली. डॉर्सेटच्या खडूत घासून काढलेली पद्धत अशी प्रवरेच्या काळ्या मातीत उतरली.

आता परत पूर्व दरवाजाकडे.

1985-86 मध्ये नायल शार्पल्स यांनी मेडन कॅसलवर पुन्हा मर्यादित उत्खनन केलं आणि व्हीलरांच्या नोंदी नव्याने चाळल्या. प्रश्न साधेच होते. 52 पैकी हाणामारीत मेल्याच्या खुणा किती जणांच्या हाडांवर? शार्पल्स यांच्या आकड्यानुसार 14. उरलेले? काहीही. ताप, बाळंतपण, म्हातारपण. घाई-गडबडीत पुरलंय म्हणावं तर थडग्यांत मातीची भांडी ठेवलेली, कुठे मेंढीच्या मांसाचा तुकडा शिदोरीसारखा. प्रेतं पाय दुमडून, ड्युरोट्रिजेस लोकांच्या एरवीच्या रीतीनेच निजवलेली. भोवती शत्रूचं सैन्य असताना लोक इतकं रीतसर पुरतात का? शिवाय गडावरची दाट वस्ती इ. स. पू. पहिल्या शतकातच विरळ होत गेली होती. जिंकण्यासारखा गजबजलेला गड 43 साली उरला होता का, हाच प्रश्न होता. ते लोखंडी टोक यंत्राच्या बाणाचं नसून साध्या भाल्याचं असावं, असंही म्हणणारे पुढे आले.

शंका होत्या, पण तारीख नव्हती. ती मिळाली अलीकडे. बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी या सांगाड्यांची रेडिओकार्बन पद्धतीने तपासणी केली आणि 2025 च्या मे महिन्यात निष्कर्ष छापले. ही पद्धत थोडक्यात अशी: जिवंत प्राणी हवा-अन्नातून कार्बन घेत राहतो, त्यात किरणोत्सारी कार्बन-14 चा किंचित अंश असतो. मेल्यावर भर पडणं थांबतं आणि असलेला कार्बन-14 ठरलेल्या गतीने घटतो, दर 5,730 वर्षांनी निम्मा. उरलाय किती ते मोजलं की मरणाचा काळ निघतो. एक नेमकं साल मिळत नाही, पल्ला मिळतो, आणि तो झाडांच्या खोडातल्या वर्षवलयांशी ताडून दुरुस्त करावा लागतो. पण प्रश्न 'सगळे एकाच दिवशी मेले का' असा असेल तर पल्लाही पुरतो. एकाच दिवशी मेलेल्यांचे पल्ले एकमेकांवर नीट बसायला हवेत.

बसले नाहीत. घाव खाऊन मेलेली माणसं इ. स. पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून इ. स. पहिल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पसरलेली निघाली. काही पिढ्यांत मागेपुढे झालेली मारामारी, आणि बरीचशी रोमन पाऊल पडण्याआधीची. मग मारलं कुणी? बहुधा आपल्याच माणसांनी किंवा शेजाऱ्यांनी. सत्तेसाठी भाऊबंदकी, सूड, शिक्षा म्हणून जाहीर वध, असे पर्याय संशोधक मांडतात. त्या कवट्यांवरचे गरजेपेक्षा जास्त घाव मला तर शत्रूपेक्षा ओळखीच्या माणसाचा राग दाखवतात, पण हे माझं मत, हाडं तेवढं बोलत नाहीत.

याचा अर्थ रोमन डॉर्सेटला आलेच नाहीत असा नाही. थोड्या अंतरावरच्या हॉड हिल नावाच्या गडावर रोमनांनी चक्क तटाच्या आत एका कोपऱ्यात आपली लष्करी छावणी बांधली, ती आजही जमिनीच्या उंचसखलपणात दिसते. व्हेस्पेशियनही खरा, त्याची लीजनही खरी. व्हीलरांची चूक एवढीच की पुस्तकातलं वाक्य हातात घेऊन ते मातीकडे गेले आणि मातीने हो म्हटल्याचं त्यांना ऐकू आलं. तरीही मला व्हीलरांवर हसावंसं वाटत नाही. कुठला सांगाडा कुठून उचलला, कुणाशेजारी काय होतं, हे त्यांनी इतकं चोख लिहून ठेवलं, हाडं जपली, म्हणून नव्वद वर्षांनी कुणीतरी त्यांचीच गोष्ट खोडू शकलं. टोपलीत जमा केलेल्या वस्तूंवरून हे झालं नसतं.

बरं, व्हीलरांना रोमन दिसण्याची सवय भारतातही सुटली नाही. मद्रासच्या संग्रहालयात त्यांना भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभाचा तुकडा दिसला, तो पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूचा होता. 1945 मध्ये त्यांनी तिथे उत्खनन केलं. इटलीतल्या अरेझो गावी बनणारी तांबडी, चकचकीत, शिक्के मारलेली भांडी तिथे निघाली. ही भांडी कुठल्या काळात बनत होती ते युरोपात नेमकं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांच्याबरोबर त्याच थरात सापडलेल्या भारतीय खापरांनाही तारीख लावता आली आणि दक्षिण भारताच्या कालगणनेला पहिला भक्कम खुंटा मिळाला. काम खरोखर मोलाचं. पण अरिकमेडू म्हणजे रोमनांमुळे उभं राहिलेलं व्यापारी ठाणं, हा त्यांचा सूर टिकला नाही. 1989 ते 1992 मध्ये विमला बेगले आणि सहकाऱ्यांनी तिथे पुन्हा खणलं तेव्हा वस्ती त्याहून आधीची निघाली. आतून चक्राकार नक्षी असलेली जी भांडी भूमध्यसागरी वळणाची मानली होती, तीही भारतीयच ठरली. रोमन माल आला तेव्हा बंदर आधीच नांदतं होतं.

यावरून आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडीवर 1944-45 मध्ये कांस्याच्या वस्तूंचा साठा सापडला. त्यात पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी सुरेख मूर्ती होती. मग सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षितांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. ती मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. आता पोसायडन सापडला म्हणून सातवाहनकाळातले कोल्हापूरकर रोमन झाले होते, असं कुणी म्हणत नाही. कुणा व्यापाऱ्याने आणली, कुणा शौकिनाने घेतली. पण हाच न्याय ब्रिटनला लावायला युरोपातल्या विद्वानांना फार उशीर लागला. डॉर्सेटच्याच किनाऱ्यावर हेंगिस्टबरी हेड इथे तेव्हा बंदर होतं. तिथे इटलीच्या मद्याचे कुंभ उतरत होते ते इ. स. पू. 100 च्या आसपासपासून, म्हणजे स्वारीच्या दीडेकशे वर्षं आधी. उत्तरेला सिल्चेस्टर इथे रोमनपूर्व काळातल्या विहिरीच्या गाळात ऑलिव्हची बी सापडली. लढायला कुणी येण्याआधीच जेवायला ऑलिव्ह आलं होतं. मग 'रोमनपूर्व' कुठे संपलं आणि 'रोमन' कुठे सुरू झालं? 43 ही लष्कराची तारीख आहे. स्वयंपाकघराची तारीख वेगळी, कुणाच्या घराची त्याहून वेगळी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस हॅव्हरफील्ड यांनी 'रोमनीकरण' ही कल्पना मांडली. रोमने रस्ते दिले, शहरं दिली, भाषा दिली, आणि जिंकलेली जमात हळूहळू सुधारली. ब्रिटिश साम्राज्य ऐन भरात असताना ही मांडणी तिथे आवडली यात नवल नाही. आपण आज जे करतोय तेच आपल्यावर कधी झालं होतं आणि ते भल्याचं होतं, असा दिलासा त्यात होता. 'इंग्रजांनी रेल्वे आणली' हे वाक्य ऐकत वाढलेल्या आपल्याला याची चाल ओळखू येते. गंमत म्हणजे खुद्द रोमन इतिहासकार टॅसिटस याबाबत जास्त प्रामाणिक होता. त्याचा सासरा ॲग्रिकोला ब्रिटनचा सुभेदार होता. त्याने सरदारांच्या मुलांना शिकवलं, टोगा हा रोमन पोशाख त्यांच्या अंगावर चढवला, हमामखाने आणि मेजवान्यांची चटक लावली. अजाण लोक याला संस्कृती म्हणत होते, खरं तर तो गुलामीचाच भाग होता, असं टॅसिटस सरळ लिहितो. मेकॉले आठवला असेल तर तो आठवणं बरोबर आहे. उत्तर सीमेवरच्या विंडोलांडा छावणीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली रोमनांची पत्रं सापडली, त्यांतल्या एकात स्थानिकांसाठी 'ब्रिट्टुंकुली' असा शब्द आहे. अनुवाद करायचा तर 'हे फडतूस ब्रिटन'.

आज रोमनीकरण हा शब्द वर्गात घेतला तरी तो वाद म्हणून घेतात, उत्तर म्हणून नाही. त्याच्या जागी प्रश्न लहान झाले आणि म्हणून चांगले झाले. या घरातल्यांनी काय खाल्लं? ही बाई कुठल्या गावची? दातांच्या एनॅमलमधल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून लहानपणी ती कुठल्या खडकाच्या मुलुखात वाढली याचा अंदाज येतो. खडूच्या टेकड्यांचा ठसा वेगळा, ग्रॅनाइटचा वेगळा. खड्ड्यातली माती बादलीभर पाण्यात ढवळली की जळकं धान्य वर तरंगतं, ते चाळणीत धरून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. दिसायला कंटाळवाणं काम, पण ऑलिव्हची बी हाती लागते ती अशीच, मातीचा कण न् कण चाळून.

आणि डीएनए. बोर्नमथ विद्यापीठ 2009 पासून डॉर्सेटमध्ये विद्यार्थ्यांना शिकवत शिकवत ड्युरोट्रिजेस लोकांच्या वस्त्या खणतंय. त्यातल्या विंटरबोर्न किंग्स्टन इथल्या दफनांसह 50 हून जास्त माणसांचे जनुकीय आराखडे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या लारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि जानेवारी 2025 मध्ये निष्कर्ष छापले. आईकडूनच उतरणारा डीएनएचा एक भाग असतो. त्या दफनभूमीतल्या बहुतेक माणसांमध्ये तो एकाच मूळ स्त्रीकडे जाणारा निघाला. बाहेरून आलेले दिसतात ते प्रामुख्याने पुरुष. म्हणजे लेकी घरीच, जावई परगावचे. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंडावर हात धरून हसतात. तिथे तीच रीत होती. मग काही जुन्या गोष्टींकडे नव्याने बघावं लागलं. ड्युरोट्रिजेस बायकांच्या थडग्यांत ठेवायच्या वस्तू जास्त का, कांस्याचे आरसे तिथे का? आणि ब्रिटनच्या बायकांना अनेक नवरे असतात असं सीझरने लिहून ठेवलं ते काय बघून? असं काही तिथे होतं असा याचा अर्थ मुळीच नाही, पण आपल्या घरासारखं नसलेलं घर बघून रोमन माणूस गोंधळला असेल, एवढं पटतं.

स्वारीनंतर काय बदललं हे बघायला मला नाणी-पुतळ्यांपेक्षा एक गाडगं आवडतं. डॉर्सेटमधल्या पूल नावाच्या बंदराच्या आसपास ड्युरोट्रिजेस कुंभार काळी भांडी घडवत. हाताने, फिरत्या चाकाशिवाय. माती वाळूची, रवाळ, त्यामुळे आचेवर तडकत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत वस्तूने घासून चकाकता केलेला आणि पोटावर तिरप्या रेघांची जाळी. रोमन आले, लीजन आली, चाकावरची तांबडी चकचकीत भांडी आली. जुन्या मांडणीनुसार हाताची काळी गाडगी आता मागे पडायला हवी होती. झालं उलटं. स्वयंपाकाला ती इतकी चांगली होती की सैन्यानेच ती विकत घ्यायला सुरुवात केली. इ. स. 120 च्या सुमारापासून ती थेट उत्तर सीमेवरच्या हेड्रियनच्या भिंतीवर, साडेचारशे किलोमीटरहून लांब, सैनिकांच्या चुलीवर दिसू लागतात. जिंकलेल्यांचं जेवण हरलेल्यांच्या गाडग्यात शिजत होतं. यात रोमन कोण झालं, ते आपापलं ठरवा.

डॉर्सेटमध्ये उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचं उत्खनन चालू असलं की या खापरांची काही वाण नसते. दुपारी खणणं थांबतं, पाण्याची घमेली मांडली जातात आणि पोरं जुने दात घासायचे ब्रश घेऊन खापरं धुवायला बसतात. माती निघते, काळा रंग दिसतो, मग बोटाखाली ती रेघांची जाळी. शिकवणारे विचारतात, स्वारीच्या आधीचं की नंतरचं? माती तीच, घडण तीच, नक्षी तीच. पोटाचा तुकडा असेल तर सांगणं अवघड. काठ कसा वळलाय त्यावरून काही ठरवता येतं. एखादी मुलगी खापर उलटसुलट करून बघते. काठ नसतो. ती ते ट्रेमध्ये वाळत घालते, त्यावर थराचा नंबर टाकते आणि पुढचं उचलते.